माझ्या मुलाच्या जाहिरातीला मी नाही का म्हटलं

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात नंदनवन भागात राहते, अंगणवाडी सेविका आहे, ह्या कामाला तीस वर्षं होऊन गेली. पेपरला पत्र आजवर कधी लिहिलं नाही पण मागच्या महिन्यात घरी जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईचं जे लिहिलंय तेवढं कापू नका ही विनंती.

झालं असं की एका संस्थेची दोन पोरं आणि एक ताई घरी आल्या. माझा मुलगा कबड्डी खेळतो, रेडर आहे, आधी विद्यापीठाकडून खेळला आणि आता नोकरी सांभाळून क्लबकडून खेळतो. खूप मोठं नाव नाही त्याचं, पण आमच्या गल्लीतली बारकी पोट्टी त्याच्यासारखे केस कापून घेतात आणि मांडीवर थाप मारून त्याच्यासारखी रेड टाकतात एवढं मात्र आहे. तर ह्या लोकांना कुठून तरी कळलं होतं, बहुतेक माझ्याच तोंडून कधीतरी हळदीकुंकवाला निघालं असेल, की हा पोटात असताना डॉक्टरांनी मला खाली करायला, म्हणजे गर्भ पाडायला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. त्यांना त्याची ३० सेकंदांची जाहिरात करायची होती. लोकल केबलवर दाखवणार आणि उन्हाळ्यात स्पर्धेचं लाइव्ह असतं त्यात मधेमधे टाकणार. मी खुर्चीवर बसून सांगायचं की डॉक्टर नाही म्हणाले होते, मग मागून हा जर्सी घालून येणार, माझ्या गळ्यात हात टाकणार, आणि खाली मोठ्या अक्षरात येणार, भ्रूणहत्या थांबवा. बस. पैसे पण देणार होते, त्याला बूट आणि किट वेगळं.

मी विचारलं बाबा तुम्हाला हे सुचलं कसं, तर त्यातल्या एकानं मोबाईल पुढे केला, म्हणे काकू अमेरिकेत सेम अशीच ॲड झाली होती, खूप गाजली होती. मी बघितली. टिम टीबो नावाचा तिकडचा फुटबॉलवाला, म्हणजे त्यांचा तो हेल्मेट घालून खेळतात तो फुटबॉल, कॉलेजमध्ये असतानाच २००७ ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे तिकडच्या कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वात चांगल्या खेळाडूचं बक्षीस, घेतलेला. त्याची आई पॅम फिलिपिन्समध्ये नवऱ्याबरोबर धर्मप्रचाराच्या कामाला होती, तिथे तिला अमीबाचा आमांश झाला, औषधं जबर चालली, डॉक्टरांनी गर्भ काढून टाका म्हटलं, तिनं नाही म्हटलं, आणि १९८७ साली हा झाला, तिचं पाचवं लेकरू. ही जाहिरात ७ फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलच्या वेळी सीबीएस चॅनलवर लागली, म्हणजे आपल्याकडे वर्ल्डकपच्या फायनलमध्ये लागावी तशी, दहा कोटींच्या वर लोक बघत होते त्या दिवशी. पैसा फोकस ऑन द फॅमिली ह्या धार्मिक संस्थेचा, अर्ध्या मिनिटाला २५ लाख डॉलरच्या आसपास लागले म्हणून बातम्या होत्या. आणि गंमत नाही, खरंच सांगते, त्या जाहिरातीत गर्भपात हा शब्दच नाही. आई मुलाचा लहानपणीचा फोटो धरून सांगते की हा जगात येता येता राहिला होता, तेवढ्यात मुलगा बाजूनं येऊन तिला खेळात पाडतात तसं पाडतो, दोघं हसतात, आणि बाकीचं आमच्या वेबसाइटवर जाऊन बघा.

मला ती बघून राग बिग काही आला नाही. मला रडू आलं. कारण ती बाई म्हणजे मीच होते. त्या पोरांना वाटलं काम झालं, आणि खरं म्हणजे झालंच होतं, दोन दिवस मी हो म्हणायच्याच विचारात होते, कोणती साडी नेसायची इथपर्यंत विचार गेला होता.

आता माझं सांगते. १९९६ साल. मोठी मुलगी चार वर्षांची होती आणि मला परत दिवस गेले. लहानपणी मला संधिवाताचा ताप येऊन गेला होता, गुडघे सुजायचे, आईनं शेक दिला आणि विसरून गेलो, पण त्या तापानं हृदयाची एक झडप आकसून ठेवली होती हे कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्या बाळंतपणात दम लागला तो बाळंतपणाचाच समजला. दुसऱ्या वेळी तिसऱ्या महिन्यात जिना चढताना ओठ निळे पडले तेव्हा तपासणी झाली. डॉक्टरीण बाईंनी मला बसवून नीट समजावलं, आजही त्यांचा आवाज आठवतो. म्हणाल्या, पोटूशी बाईच्या अंगात रक्त जवळजवळ दीडपट होतं, तुझी झडप ते पुढे जाऊ देणार नाही, मग फुप्फुसात पाणी भरतं, आणि सगळ्यात धोका बाळंत होताना आणि झाल्यावरच्या दोन-तीन दिवसांत असतो. आता खाली करून घे, झडपेचं बघू, मग पुढचं ठरव. कायद्यानं त्यांना तसं सांगायचा अधिकार होता, १९७१ च्या कायद्यात आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात करता येतो हे पहिल्यापासून लिहिलेलं आहे.

मी नाही म्हटलं. का म्हटलं ते आज अठ्ठावन्नाव्या वर्षी खरं खरं लिहिते, कारण जाहिरातीत ते येणार नव्हतं. थोडी माया होती, थोडी भीती होती, आणि बरंच घर होतं. सासूबाई वाईट नव्हत्या पण पहिली मुलगी झाली तेव्हापासून त्या दर एकादशीला मुलासाठी देवापुढे बसायच्या आणि मला ऐकू येईल असं बसायच्या. ‘देवानं देल्लं ते ठेवाव माय’ एवढंच म्हणाल्या. नवरा म्हणाला तू ठरव, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला. हे तू ठरव म्हणजे काय असतं ते बायांनाच कळेल. मुलगा आहे की मुलगी कोणाला माहीत नव्हतं पण सगळं घर मुलगाच धरून बसलं होतं. तेव्हा लोक आज मला हिंमतवान म्हणतात ना, त्यात माझी हिंमत किती आणि घरची आस किती हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

पाचव्या महिन्यापासून मला आडवं होता येत नव्हतं. तीन उशा पाठीला लावून बसून झोपायचे. मीठ बंद, पाणी मोजून, लघवी होण्याच्या गोळ्या, दर पंधरा दिवसांनी कमरेत इंजेक्शन. आठव्या महिन्यात दाखलच केलं. तिथे माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, काटोलकडच्या खेड्यातली, माझ्याच वयाची, झडपेचं दुखणं माझंच, महिने पण जवळपास सारखे. हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, सातवा महिना करून तशीच आली होती. रात्री वॉर्डात दिवा मंद केला की आम्ही दोघीच बसलेल्या असायचो, बाकी सगळ्या झोपलेल्या. ती हळूच विचारायची, ‘बाई, तुमाले झोप येते काजी? मले तं पाण्यात बसल्यावानी वाट्टे.’ तिलाही खाली करायला सांगितलं होतं. तिची तयारी होती, ती स्वतः मला म्हणाली, पण घरच्यांनी पाप आहे म्हणून सही केली नाही आणि तिला वाटलं सहीशिवाय होतच नाही. खरं म्हणजे अठरा वर्षांवरच्या बाईला कोणाच्याच सहीची गरज कायद्यात नाही, नवऱ्याच्याही नाही, तेव्हाही नव्हती. हे मला पण तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर मी तिला सांगितलं असतं.

ती माझ्या आधी चार दिवस बाळंत झाली. लेकरू दुसऱ्या दिवशी गेलं. ती तिसऱ्या दिवशी पहाटे. तिचा नवरा डबा घेऊन आला होता, स्टीलचा तीन पुड्यांचा, वर फडकं बांधलेलं, त्याला गेटवर कोणी सांगितलं नव्हतं. तो खाटेपाशी उभा राहिला, खाटेवर नवीन चादर, मग माझ्याकडे बघितलं, म्हणाला, ‘इथं होती ना जी?’ मी मान हलवली. तो डबा त्यानं खाली ठेवला नाही, किती तरी वेळ तसाच हातात धरून उभा होता.

मी वाचले. मुलगा झाला, दोन किलोचा. १९९८ साली माझी झडप फुग्यानं उघडली, अजून गोळ्या चालू आहेत. म्हणजे तीच झडप, तोच वॉर्ड, तेच डॉक्टर, माझी खाट आणि तिची खाट यात दीड हाताचं अंतर, आणि आज कॅमेरा माझ्या घरी आलाय कारण मी जिवंत आहे आणि माझा पोरगा रेड टाकतो. तिच्या घरी कोणी गेलं नाही, जाणार पण नाही, तिच्याकडे दाखवायला काही उरलंच नाही. दुसऱ्या रात्री मला ती डब्याची आठवण आली आणि मी उठून पाणी पिऊन आले आणि तेव्हाच ठरलं की हे करायचं नाही.

संपादक साहेब, अशा जाहिरातीत जे दिसतं ते खरं असतं, पॅमबाईंचं खरं, माझंही खरं. पण आमच्यासारख्या ज्यांचं निभावलं त्याच टीव्हीवर बसायला शिल्लक राहतात ना. उद्या एखादी झडप आकसलेली पोरगी, बावीस-तेवीस वर्षांची, ती जाहिरात बघेल, तिची सासू बघेल, आणि म्हणतील बघ ती नंदनवनवाली, तिला पण डॉक्टर असंच म्हणाले होते, काही नाही होत. तिला जर काही झालं तर माझं ते ३० सेकंदांचं हसणं कुठे तोंड लपवेल.

आणि खेळाडूचं लोक ऐकतात हो. मागे जुलै २०२५ मध्ये आपली दिव्या देशमुख जॉर्जियात बायकांचा बुद्धिबळाचा वर्ल्डकप जिंकली, ग्रँडमास्टर झाली, तर माझ्या अंगणवाडीतल्या चार आया मला विचारायला आल्या की पोट्टीला बुद्धिबळ कुठे शिकवतात, ज्यांनी त्याआधी पट पाहिला नव्हता. ओजस देवतळेनं आशियाई स्पर्धेत तीन सुवर्ण आणली तेव्हा गल्लीत बांबूचे धनुष्य निघाले. उमेश यादव खाणीतल्या कामगाराचा मुलगा, तो जोरात बॉल टाकायला लागला तेव्हापासून खापरखेड्याचं नाव लोक अभिमानानं घेतात. हा जो विश्वास आहे तो त्यांनी मैदानावर घाम गाळून कमावलेला आहे. तो दुसऱ्याच विषयाला लावला की तिथे पण तेवढाच चालतो, लोक काही तपासून बघत नाहीत की याला ह्यातलं काय कळतं. साधं तेल, पेय, क्रीम असलं तरी आता कायदा म्हणतो की जाहिरातीत उभं राहणाऱ्यानं आधी खात्री करावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, खोटा दावा केला तर त्या चेहऱ्याला १० लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर जाहिरातीला बंदी होऊ शकते. केसाच्या तेलाला एवढं, आणि बाईच्या जिवाच्या गोष्टीला एक जर्सी पुरे?

दुसरी गोष्ट तर मला माझ्या मुलीनं शोधून दाखवली तोवर माहीतच नव्हती. आपल्याकडे १९५४ चा औषधं आणि जादूटोणा उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्यात गर्भपातासाठी कोणत्याही औषधाची जाहिरात करायला मनाई आहे. ती मनाई बरोबरच असेल, भोंदू लोक काहीही विकतील नाहीतर. पण म्हणजे टीव्हीवर एक बाजू आई आणि मुलगा घेऊन गोड गोड बोलू शकते आणि गोळी कोणती, कुठे, कोणाच्या देखरेखीत घ्यायची हे सांगणारी दुसरी जाहिरात लागतच नाही. अमेरिकेत निदान भांडण तरी झालं. महिला संघटनांनी सीबीएसला जाब विचारला, ह्याच चॅनलनं २००४ मध्ये एका चर्चची जाहिरात वादाचा विषय म्हणून नाकारली होती मग ही कशी घेतली असं विचारलं, आणि प्लॅन्ड पॅरेंटहूड ह्या गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या संस्थेनं उत्तर म्हणून अल जॉयनर, जो १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये तिहेरी उडीचं सुवर्ण जिंकला होता, आणि शॉन जेम्स नावाचा फुटबॉलवाला यांना घेऊन आपला व्हिडिओ काढला, की बाईचा निर्णय बाईला घेऊ द्या. आपल्याकडे लोकल केबलवर असं उत्तर द्यायला कोण येणार आहे? कोणीच नाही येणार.

आता त्या शब्दाबद्दल. भ्रूणहत्या. ह्या शब्दाचा माझ्यावरही दोष आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. गर्भात मुलगी आहे का बघून पाडायचं हे पाप आपल्या महाराष्ट्रात फार झालं, २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली फक्त ८९४ उरल्या होत्या, बीडमध्ये तर ८०७. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, मग १९९४ मध्ये देशाचा आला. ते सगळं बरोबर, त्याच्या रॅलीत मी स्वतः पहाटे सहाला पोरांना घेऊन पाट्या धरून चाललेय. पण पाटीवर काय होतं? भ्रूणहत्या पाप आहे, भ्रूणहत्या गुन्हा आहे. लिंगतपासणी गुन्हा आहे असं पाटीवर लिहिलेलं मी क्वचित पाहिलं. त्यामुळे झालं काय की साध्या बाईच्या डोक्यात बसलं, पोट पाडणं म्हणजेच गुन्हा, पोलीस येतील. औषधाच्या दुकानात पण गोळ्या ठेवायची भीती, आमच्या भागात तर चिठ्ठी घेऊन गेलं तरी मान हलवतात, उगाच कटकट नको म्हणून.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या नोंदवहीतली बाई, दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पीत होतं, नवरा काम सुटल्यापासून घरीच आणि पिऊन. तिची पाळी चुकली. सात आठवडे. मला विचारायला आली नाही कारण मी अंगणवाडीची, सरकारी बाई, मीच तर पाटी धरून चालले होते. कोणीतरी कुठून तरी आणून दिलेल्या गोळ्या तिनं घेतल्या, कशा घ्यायच्या ते माहीत नाही, बारा दिवस अंगावर जात होतं आणि ती धुणं-भांड्याला जात होती. रविवारी तिची मोठी पोरगी मला बोलवायला आली, म्हणाली मॅडम आई उठून नाही राहिली. मी गेले तर गोधडीखाली तिच्या तळव्यांचा रंग कागदासारखा. ऑटोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती एकच विचारत होती, ‘मॅडम, पोलीस केस होईल का?’ बाई मरायला टेकली होती आणि तिला पोलिसाची भीती. हिमोग्लोबिन पाच निघालं. वाचली, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, पिशवी साफ केली.

तिनं गुन्हा केलाच नव्हता हो. कायद्याप्रमाणे ती कोणत्याही मान्यताप्राप्त दवाखान्यात जाऊ शकत होती, गर्भनिरोधक फसलं एवढं कारणसुद्धा चालतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेली-नसलेली असा फरक नाही, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठरावीक परिस्थितीत चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांचं, बाळात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की अविवाहित बाईला चोवीस आठवड्यांची सवलत नाकारता येणार नाही. तिचं नाव फोडणाऱ्याला वर्षभर कैद होऊ शकते. हे सगळं असताना, लॅन्सेट ग्लोबल हेल्थ मध्ये छापलेल्या अभ्यासात होतं की २०१५ ह्या एका वर्षात देशात दीड कोटीच्या वर गर्भपात झाले आणि त्यातले चारातले जवळजवळ तीन दवाखान्याबाहेर, गोळ्या आणून घरीच. त्या सगळ्याच काही जिवावर बेतत नाहीत, पण ज्यांना वेळेवर विचारायला कोणी नाही त्या माझ्या मांडीवर डोकं ठेवतात.

आणि आता त्याच पडद्यावर माझा मुलगा जर्सी घालून उभा राहून भ्रूणहत्या थांबवा म्हणणार. मी त्या ताईंना विचारलं, तुमचा विरोध लिंगतपासणीला आहे की गर्भपाताला? त्या म्हणाल्या दोन्ही एकच की काकू. नाही हो एकच. लिंगतपासणीच्या कायद्यात तर असंही धरलं जातं की बाईला घरच्यांनी भाग पाडलं असेल, म्हणजे कायद्यानं सुद्धा तिची बाजू समजून घेतली, आणि आपण भिंतीवर तिलाच खुनी लिहून ठेवलं.

मी असं म्हणत नाही की खेळाडूंनी तोंड शिवून बसावं. उलट बोलावं. आपल्या देशात साक्षी मलिकनं मुलींसाठी तोंड उघडलं तेव्हा किती बळ आलं. पण स्वतःच्या अंगावरचं बोलावं आणि पूर्ण बोलावं. सान्या रिचर्ड्स-रॉस नावाची अमेरिकेची धावपटू आहे, २०१२ ला लंडनमध्ये ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलेली, तिनं २०१७ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं की २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला निघायच्या तोंडावर तिनं गर्भपात केला होता आणि त्याचं दुःख तिनं किती वर्षं बाळगलं. तिनं स्वतःचं लिहिलं, दुःखासकट लिहिलं, कोणाला अमुक करा म्हटलं नाही. ते वाचून मला ती जवळची वाटली. याउलट अमेरिकेतल्याच कॅन्सस राज्यात २०२२ साली गर्भपाताच्या हक्कावर मतदान होतं तेव्हा हॅरिसन बटकर हा फुटबॉलवाला हक्क काढून घेणाऱ्या बाजूच्या जाहिरातीत उतरला. तिथल्या लोकांनी ऑगस्टमध्ये मत दिलं ते दुसऱ्याच बाजूला, शंभरातल्या जवळपास साठांनी. त्याचं मत असेल तसं, ते मांडायचा त्याला हक्क आहे. पण किक मारणारा पाय आणि नऊ महिने ओझं वाहणारं पोट ह्यात काही संबंध लावायचा असेल तर फार सांभाळून लावावा असं मला वाटतं. आणि पॅमबाईंबद्दल तर माझ्या मनात आदरच आहे. त्यांना कोणीतरी विचारलं, त्या नाही म्हणाल्या, म्हणजे त्यांचं त्यांनी ठरवलं. काटोलकडच्या बाईला ठरवता आलं नाही, माझं तक्रारीचं कारण एवढंच आहे.

मुलाशी बोलले शेवटी. मला वाटलं त्याला किटचा मोह होईल, बूट तसे चांगले देत होते आणि त्याचे फाटलेत. त्याला मी त्या दुसऱ्या खाटेचं पहिल्यांदाच सांगितलं, तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, वाढदिवसाच्या आसपास तर नाहीच नाही. तो ऐकत होता, गुडघ्याची पट्टी गुंडाळत होता, परत सोडून परत गुंडाळत होता. मग म्हणाला, ‘आई, मी जन्मलो यात माझी काय मेहनत आहे? मला माझ्या रेडबद्दल विचारलं तर मी बोलेन.’ आणि मग थोड्या वेळानं, ‘ताईला तेव्हा कोण सांभाळणार होतं, तुला काही झालं असतं तर?’ मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षांची होती ती. मी तिचा विचार केला होता का त्या वेळी? केला असेल. पण मला आठवतं ते सासूबाईंचं देवापुढचं बसणंच आठवतं.

त्या संस्थेच्या लोकांना मी उलटं सुचवलं. म्हटलं तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर माझा मुलगा फुकट उभा राहील, जर्सी घालून, त्यानं एवढंच म्हणायचं: मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे, तपासणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण बाईला नको असेल, झेपत नसेल, तर गर्भपात कायद्यात बसतो, सरकारी दवाखान्यात होतो, अठरा पूर्ण असतील तर नवऱ्याची सासूची कोणाची सही लागत नाही, नाव कोणाला कळत नाही, वेळेत या आणि घरी गोळ्या घेऊ नका. ३० सेकंदांत बसतं, मी घड्याळ लावून वाचून बघितलं, सत्तावीस सेकंद लागतात. ताई म्हणाल्या हे आमच्या उद्देशात बसत नाही. मग म्हणाल्या विचार करा, पुढच्या रविवारी परत येतो.

आमच्या भागातली कोणी खेळाडू पोरगी किंवा पोरगा, किंवा एखादा क्लब, हे सत्तावीस सेकंद बोलायला तयार असेल, किंवा एखादा केबलवाला ते फुकट दाखवायला तयार असेल, तर अंगणवाडीच्या वेळेत सकाळी येऊन मला भेटावं. कागद मी लिहून ठेवलाय, आमच्या आशाताईनं आणि एका डॉक्टरीण बाईंनी तपासून दिलाय, शब्द सोपे आहेत. वऱ्हाडीत पण करून ठेवलाय, कारण त्या रात्री वॉर्डात ती मला वऱ्हाडीतच विचारत होती.

आणि रविवारी जे येणार आहेत त्यांना माझं उत्तर नाही असं आहे, ह्या पत्रातच आहे, तरी चहा प्यायला यावं.

माझं आणि मुलाचं नाव छापू नये.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
नंदनवन, नागपूर